सैल, ढिले आणि ‘लूज’

शिंदखेड्याच्या बाजारपेठेत सकाळच्या प्रहरी जो फेरफटका मारील त्याला एक शब्द पावलोपावली भेटतो. किराणा दुकानात गिऱ्हाईक विचारते, ‘तेल लूज आहे की पाकिटातले?’ शिंप्याच्या यंत्रासमोर उभा असलेला तरुण विजार कमरेत ‘लूज’ झाल्याची तक्रार करतो. मोटार दुरुस्तीच्या दुकानात जळालेली वाइंडिंग उकलणारा कारागीर ‘कुठेतरी लूज कनेक्शन होते’ असे निदान सांगतो. दवाखान्याच्या बाकावर बसलेली आई मुलाला रात्रीपासून ‘लूज मोशन’ होत असल्याचे दबक्या आवाजात सांगते. जुलाब हा शब्द तिला ठाऊक नसतो असे नाही, पण चारचौघांत तो उच्चारणे तिला प्रशस्त वाटत नाही. आणि चौकात क्रिकेटच्या गप्पा रंगल्या असतील तर तेथे कोणी तरी ‘लूज बॉल’वर बाद झालेल्या फलंदाजाचा उद्धार करीतच असतो.

या पाच ठिकाणी शब्द एक आहे. अर्थ मात्र पाच आहेत. पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ सुटे, दुसऱ्या ठिकाणी सैल, तिसऱ्या ठिकाणी ढिले, चौथ्या ठिकाणी पातळ, आणि पाचव्या ठिकाणी ज्यात जोर किंवा अचूकपणा नाही असे, म्हणजे भोंगळ. मराठीने या पाच वस्तूंना पाच नावे दिली होती. इंग्रजीने त्या सर्वांना एकाच खुंटीवर टांगले आहे, आणि ती खुंटी आता तापीकाठच्या या तालुक्याच्या गावीही पक्की रोवली गेली आहे.

मौज अशी की, ज्या उच्चाराने हा शब्द मराठीत रुळला आहे तो मुळी त्याचा उच्चारच नव्हे. इंग्रजीत ‘सैल’ या अर्थाच्या शब्दाच्या अखेरीस स्वच्छ ‘स’ आहे. त्याचा उच्चार ‘लूस’ असा होतो. ‘गमावणे’ किंवा ‘हरणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे त्याच्या अखेरीस ‘झ’कडे झुकणारा ध्वनी आहे. मराठी माणूस ‘जहाज’मधल्या ‘ज’ने ‘लूज’ म्हणतो तेव्हा तो उच्चाराने ‘हरणे’ म्हणत असतो आणि मनात ‘सैल’ म्हणत असतो. दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकांना या घोटाळ्याचे दुसरे टोक परिचित आहे. एका शब्दात एक ‘ओ’ आणि दुसऱ्यात दोन. विद्यार्थी सामना ‘हरला’ असे लिहावयास जातो आणि सामना ‘सैल’ करून बसतो. अर्थात यात खानदेशच्या मुलांनी लाजावे असे काही नाही. ज्यांची ती मातृभाषा आहे त्या देशांतील लोकही हीच चूक नित्य करीत असतात. शिंदखेड्याच्या मुलाला तर घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि तिसऱ्या पायरीवर इंग्रजी अशी चढण चढावी लागते. ग्रिअर्सनने १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषा-पाहणीच्या खंडात खानदेशीला मराठीच्या शेजारी न बसवता भिल्ली भाषांच्या पंगतीला बसविले होते. त्या वर्गीकरणाचा वाद बाजूला ठेवला तरी एवढे खरे की, येथल्या मुलाला प्रमाण मराठीदेखील काही अंशी शिकूनच घ्यावी लागते.

इंग्रजीत हा शब्द आला तो उत्तरेकडील नॉर्स दर्यावर्दी लोकांकडून. त्यांच्या भाषेत ‘लाउस’ म्हणजे मोकळा, बंधन नसलेला. याच कुळातला एक प्रत्यय इंग्रजीत आधीपासून होता आणि तो आज प्रत्येक मराठी वाचकाच्या तोंडी आहे: ‘वायरलेस’मधला ‘लेस’. हा ‘लेस’ म्हणजे ‘कमी’ असे सर्रास समजले जाते. वस्तुतः तो ‘कमी’ नव्हे, ‘सुटलेला’ आहे. तारेपासून सुटलेला तो वायरलेस, आशेपासून सुटलेला तो होपलेस.

या कुळाची मुळे आणखी मागे नेली की ती थेट शेतात येऊन पोहोचतात. तोडणे, अलग करणे, सोडविणे या अर्थाचा एक प्राचीन धातू युरोपीय भाषांत आणि संस्कृतात समान आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ सोडविणे असा राहिला आणि ‘अ‍ॅनालिसिस’ हा शब्द त्यातून निघाला. ज्याला मराठी प्राध्यापक विश्लेषण म्हणतात तो मुळात गाठी सोडविण्याचा व्यवसाय आहे. ‘पॅरालिसिस’ हाही त्याच घरचा; अंगाची एक बाजू सैल पडणे असा त्याचा सरळ अर्थ. संस्कृतात हाच धातू ‘लू’ म्हणून आहे आणि तेथे त्याचा अर्थ कापणे असा आहे. पाणिनीने ज्या सूत्रात ‘खनित्र’ आणि ‘चरित्र’ यांची घडण सांगितली त्याच सूत्रात ‘लवित्र’ही सांगितले. लवित्र म्हणजे विळा. ज्वारीची कापणी करणाऱ्या मजुराच्या हातातील विळा आणि शिंप्याकडे तक्रार करणाऱ्या तरुणाची ‘लूज’ विजार ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत, हे कोणाला सांगितले तर त्याला थट्टा वाटेल. पण ‘लवमात्र’मधला ‘लव’, म्हणजे कापून निघालेला बारीकसा तुकडा, त्याची साक्ष देतो.

शब्दांच्या अशा खोदकामासाठी खानदेशाला परक्या मुलखात जाण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेर धुळ्यात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच निवर्तले. त्यांच्यामागे त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या धुळ्याच्या संशोधन मंडळाने त्यांचे धातुकोश आणि नामादि शब्दांचा व्युत्पत्तिकोश प्रसिद्ध केले. राजवाड्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती आज कोणी मान्य करीत नाही. त्यांतल्या काही तर अंमळ धाडसी आहेत. तथापि बोलीतला साधा शब्दही वंशावळ असलेला असतो, ही दृष्टी त्यांनी दिली, आणि ती दृष्टी घेऊन ‘सैल’पणाच्या मराठी शब्दांकडे पाहिले की मोठा चमत्कार नजरेस पडतो.

संस्कृतातील ‘शिथिल’ हा शब्द प्राकृतात ‘सिढिल’ आणि ‘सढिल’ अशा दोन रूपांनी वावरला. हेमचंद्राच्या व्याकरणात दोन्ही नोंदली आहेत. यांतल्या ‘सढिल’चा मराठी अवतार म्हणजे ‘सढळ’. ‘ढिला’ हाही याच घरातला, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे एकाच शिथिलाची दोन मुले: एक ढिला, ज्याला सगळे नावे ठेवतात, आणि एक सढळ, ज्याची सगळे स्तुती करतात. ढिल्या हाताचा कारकून दप्तर बिघडवितो. सढळ हाताचा यजमान पंगत उठवून देतो. मूठ दोघांचीही सैलच; पण एकाच्या मुठीतून काम निसटते आणि दुसऱ्याच्या मुठीतून दान. दिल्लीच्या नावाचीही अशीच एक दंतकथा आहे. राजा अनंगपालाने शेषाच्या मस्तकापर्यंत पोहोचलेला लोहस्तंभ उपटून पाहिला, पुन्हा रोवला तेव्हा तो ढिला राहिला, आणि त्या ढिलेपणावरून नगरीला नाव पडले, असे सांगतात. इतिहासाच्या दृष्टीने या कथेला किंमत नाही. पण राजधानीच्या नावातच ढिलाई आहे असे मानण्यात जनतेला जो आनंद होतो त्याला मात्र आहे.

आणि कचेरीत हाच शिथिल शब्द उमेदवारांच्या आशेचा आधार होऊन बसला आहे. ‘वयोमर्यादा शिथिलक्षम’ या दोन शब्दांसाठी जाहिरातीचा कागद पुन्हा पुन्हा उलगडून पाहणारे तरुण प्रत्येक तालुक्यात आहेत. नियम शिथिल होणे म्हणजे नियम ढिला होणे नव्हे, हा फरक मराठी कारकुनाला शिकवावा लागत नाही. २०२० आणि २०२१ या साथीच्या वर्षांत ‘निर्बंध शिथिल’ या मथळ्याची लोकांनी किती वाट पाहिली! त्या ठिकाणी ‘निर्बंध ढिले’ असे कोणा उपसंपादकाने छापले असते तर जिल्हाधिकाऱ्यांना खुलासा मागवावा लागला असता.

‘मोकळा’ हा ‘मुक्त’ याचा वंशज आहे आणि त्याने पूर्वजांची कीर्ती राखली आहे. मोकळे मन, मोकळी हवा, मोकळे रान, मोकळा श्वास. पण याच घरात ‘मोकाट’ निपजला. जनावर मोकळे सोडले तर ते चरते, मोकाट सोडले तर दुसऱ्याचे पीक खाते. एका अक्षराच्या फेराने भाषेने गुराख्याची जबाबदारी निश्चित केली आहे. इंग्रजीत या दोन्ही गुरांना एकच शब्द लागतो.

परंतु या सगळ्या परिवारात खरा कर्ता पुरुष कोणी असेल तर तो ‘सुटणे’ हे क्रियापद होय. हिंदीत ‘छुरी’ असते तेथे मराठीत ‘सुरी’ असते. त्याच रीतीने ‘छूटना’चे ‘सुटणे’ झाले. मात्र मराठीने त्याला जे काम दिले ते पाहून कोशकारालाही घाम सुटावा. शाळा सुटते आणि मुलांचा लोंढा बाहेर पडतो. सुरत-भुसावळ मार्गावरील शिंदखेडा स्थानकातून गाडी सुटते. चैत्रात दुपारी वारा सुटतो. चिंच पाहून तोंडाला पाणी सुटते, चाळिशीनंतर पोट सुटते, थंडीतापात हुडहुडी सुटते, रागात तोंड सुटते. तंबाखू सुटत नाही. नोकरी सुटते ती दु:खाची गोष्ट, कैदी सुटतो ती सुखाची. धीर सुटतो, पदर सुटतो, शर्यतीत पहिला नंबर थोडक्यात सुटतो. जी रजा मिळते ती सुटी. जी किमतीत मिळते ती सूट. जी संकटातून मिळते ती सुटका.

आणि गणित सुटते. गणिताचा मास्तर ‘हे उदाहरण सोडवा’ म्हणतो तेव्हा तो जे बोलतो तेच लॅटिन बोलणारा रोमन बोलत होता. कारण इंग्रजीतील ‘सॉल्व्ह’ या शब्दाच्या मुळाशीही सैल करणे, सोडविणे हीच क्रिया आहे आणि तो शब्दही वर सांगितलेल्या विळ्याच्याच कुळातला आहे. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता कठीण प्रश्नाला गाठ मानले, आणि ती कापण्यापेक्षा सोडविण्यात शहाणपण पाहिले. गाईडातले तयार उत्तर उतरवून घेणारा विद्यार्थी उदाहरण सोडवीत नाही, कापतो.

हे सगळे शब्दवैभव पाठ्यपुस्तकात वाचून बाजूला ठेवण्याजोगे असते तर त्याच्यासाठी वृत्तपत्राचा रकाना अडविण्याचे कारण नव्हते. पण ‘लूज’ या एका अक्षरजोडीत माणसांच्या पोटाचे, जिवाचे आणि अब्रूचे प्रश्न गुंतलेले आहेत.

पोटाचा प्रश्न प्रथम. सुटे तेल कोण घेतो? ज्याच्या हातात रोजची मजुरी रोज पडते तो. पाच किलोचा डबा हा महिन्याच्या पगाराचा माल आहे. पावशेर तेल हा रोजंदारीचा माल आहे. सुटा चहा, सुटी साखर, सुटी विडी ही गरिबाच्या अंदाजपत्रकाची मापे आहेत. तथापि या सुटेपणाला एक काळी बाजूही आहे. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलाने जलशोथाची साथ पसरली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. भेसळ होती पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची. खानदेशातल्या पडीक शेतांच्या बांधावर काटेरी पानांचे आणि पिवळ्या फुलांचे जे झुडूप उगवते तेच हे. त्याचे काळे बी मोहरीसारखे दिसते. त्यानंतर त्याच वर्षी खाद्यतेल बंद पुड्यात विकण्यासंबंधीचा आदेश केंद्राने काढला, आणि २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी सुट्या तेलाच्या विक्रीस मनाई केली. मनाई कागदावर आहे; तेलाच्या पिंपाची तोटी अनेक गावांत अजून चालू आहे. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यावर बंदी घातली, तिचीही अवस्था पानाच्या ठेल्यावर कोणी जाऊन पाहावी. एक काडी विकत घेणाऱ्याला पाकिटावरील धोक्याचे चित्र दिसतच नाही, हा बंदीमागचा विचार योग्यच होता. तेलाचे तसे नाही. तेथे केवळ बंदीने भागत नाही. पावशेराचा बंद पुडा पावशेराच्याच भावात मिळाला पाहिजे. लहान पुड्याला किलोमागे चढा दर लावायचा आणि सुट्याला बंदी करायची, यात आरोग्याची किंमत फक्त गरिबाकडून वसूल होते.

कापसाचे उदाहरण याहून निराळे. वेचणीनंतर घरात भरलेला सुटा कापूस हा शेतकऱ्याचा. सरकी काढून, दाबून १७० किलोची गाठ बांधली की तो व्यापाऱ्याचा. साधारण पाच क्विंटल कापसातून एक गाठ निघते. सुटा कापूस घरात फार दिवस ठेवता येत नाही. जागा अडते, ठिणगीचे भय असते, वजन घटते. गाठ मात्र गोदामात भावाची वाट पाहू शकते. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली आणि पुढे मोडली. तिच्या बऱ्यावाइटाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण सुटे असणे म्हणजे वाट न पाहू शकणे, हा अर्थ कोणत्याही शब्दकोशात नसला तरी शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला तो पुरता ठाऊक आहे.

जिवाचा प्रश्न विजेच्या तारेवर लोंबतो. जोड ढिला झाला की तेथे विरोध वाढतो, विरोध वाढला की उष्णता वाढते, आणि ती जागा काळी पडत पडत एक दिवस पेटते. तीन फेजांपैकी एका फेजचा फ्यूज ढिला होऊन निसटला तर विहिरीवरची मोटार दोन फेजांवर ओढ घेत राहते आणि तिची वाइंडिंग जळते. पिकाला पाणी नेमके हवे असते त्याच आठवड्यात हे घडते, कारण मोटारी त्याच आठवड्यात रात्रंदिवस चालतात. याला ‘लूज’ म्हणून सोडून देणे सोयीचे आहे. ‘ढिले’ म्हटले की कोणी तरी ते आवळायचे राहिले होते, हा प्रश्न आपसूक उभा राहतो. परकी संज्ञा बहुधा अशी निनावी असते, तिच्यात कर्ता नसतो.

मात्र प्रत्येक सैलपणा दोष नव्हे. खांबाखांबांमध्ये तार थोडी झोळ ठेवूनच ओढतात. उन्हाळ्यात ताणलेली तार हिवाळ्यात आकसून तुटली असती. झोळ किती हे ठरलेले असते. तो मर्यादेबाहेर गेला की तारा वाऱ्याने एकमेकींना भिडतात आणि खालच्या उभ्या पिकावर ठिणग्या पडतात. रुळांचेही तसेच. १३ मीटर लांबीचा रूळ पारा ३० अंशांनी चढला तर सुमारे साडेचार मिलिमीटर लांबतो. त्यासाठी दोन रुळांत जागा मोकळी सोडीत, आणि जुन्या प्रवाशांच्या कानात बसलेला तो ठेका त्या मोकळ्या जागेचा होता. खानदेशाच्या वैशाखात ती जागा सोडली नसती तर रूळ वाकडे झाले असते. आता लांबच लांब जोडून टाकलेल्या रुळांनी तो ठेका गेला. तेथे हा ताण स्लीपर आणि खडी यांच्या पकडीने आवरून धरावा लागतो. कारागीर अशा सैलपणाला ढिला म्हणत नाही. ‘थोडी जागा ठेवली आहे’ असे म्हणतो.

राहिला अब्रूचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. यंत्राच्या स्क्रूला लावायचा शब्द माणसाला, विशेषतः स्त्रीला लावला की त्याचे शस्त्र होते. महाविद्यालयात सायकलीवरून जाणारी, वर्गमित्राशी मोठ्याने हसून बोलणारी, शहरात नोकरी धरणारी मुलगी ‘लूज’ ठरविण्यास लहान गावात एक दुपार पुरते. मराठीतही अशा वेळी वापरायचे शब्द होते, आणि ते काही सौम्य नव्हते. पण ते उच्चारणाऱ्याला त्यांची घाण स्वतःच्या तोंडाला लागल्याची जाणीव होई. ते बोलल्यावर भांडण होई, जाब विचारला जाई. ‘लूज’ म्हणणारा हसत म्हणतो आणि नामानिराळा राहतो. इंग्रजी शब्दाच्या पडद्याआडून जुलाबाची लाज झाकणारी आई आणि त्याच पडद्याआडून मुलीची अब्रू घेणारे टोळके, दोघेही एकाच सोयीचा फायदा घेतात. आईचा फायदा निरुपद्रवी आहे, एवढाच फरक. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकील यांच्यासाठी एक पुस्तिका काढली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या काळात निघालेल्या या पुस्तिकेत निकालपत्रांतून वगळावयाच्या शब्दांची यादी आहे, आणि ‘सैल नीतीची स्त्री’ या अर्थाचा इंग्रजी प्रयोग त्या यादीत आहे. त्याच्या जागी काय लिहावे? न्यायालयाने तेथे एकच शब्द सुचविला आहे: स्त्री.

तालुक्याच्या शाळेत हे सारे शिकविण्यासाठी वेगळा तास लागत नाही. नववीच्या वर्गात फळ्यावर मध्यभागी ‘लूज’ लिहून, तेल, विजार, तार, माती, पोट, हात, नियम, गुरे आणि जीभ यांच्यासाठी मराठीत आणि अहिराणीत कोणकोणते शब्द घरी वापरतात ते मुलांना विचारले तर फळा अपुरा पडेल. भुसभुशीत, ढगळ, पातळ, विस्कळीत, सुटसुटीत, मोकळे, सढळ असे शब्द निरनिराळ्या बाकांवरून येतील. शिंप्याचा मुलगा एक सांगेल, गवंड्याची मुलगी दुसरा. त्यांतले काही शब्द गुरुजींनाही नवे असतील.